दिवा लागला म्हणजे निरोप गेला

माणसाने प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवली, तर त्याच्या आयुष्यात दुःखाला शिरायला फट उरत नाही, असा एक थोर सिद्धांत आहे. तो टापटीपरावांनी मांडला होता. त्याला एकच अनुयायी लाभला आणि तोही टापटीपरावच. गेल्या वर्षी त्यांनी हा सिद्धांत कसलाही गाजावाजा न करता मागे घेतला. जगाच्या ते लक्षातही आलं नाही.

टापटीपराव हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते ऑफिसने ठेवलं. वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत ते प्रोग्रॅम लिहितात. दुकानातल्या काट्यावर बटाटे ठेवले की समोर आकडा उमटतो. तो बटाट्यांच्या मर्जीने उमटत नाही, त्यामागे कोणाची तरी पंचवीस वर्षांची नोकरी आहे, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. टापटीपराव कधीकधी ते भाजीवाल्याला समजावून सांगतात. अशा वेळी त्यांची बायको पलीकडच्या दुकानात जाऊन अनोळखी माणसासारखी उभी राहते. त्यांच्या टेबलावर पेनं उंचीप्रमाणे लावलेली असतात. ऑफिसच्या नियमावलीतला सातवा नियम, ‘कोणताही तुकडा सुटा पडलेला दिसता कामा नये’, हा त्यांनीच घातलेला. तो नियम पाळणारेही ते एकटेच, पण आपण मूळ गोष्टीकडे येऊ.

गोष्ट बाबांची आहे. बाबा म्हणजे टापटीपरावांचे वडील, वय चौऱ्याऐंशी. एका मोठ्या कचेरीत ते चौतीस वर्षं आवक-जावक कारकून होते. म्हणजे आलेल्या कागदावर आवक क्रमांक घालायचा, गेलेल्या कागदावर जावक क्रमांक घालायचा आणि मधल्या काळात त्या कागदाचं काय झालं याची चौकशी करायची नाही. निवृत्त होऊन सव्वीस वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत, खिडकीशी खुर्ची टाकून, ते इमारतीच्या फाटकातून कोण आत आलं आणि कोण बाहेर गेलं हे बघत बसायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. कानांनी दगा दिल्यापासून फोन हे यंत्र त्यांनी कायमचं दफ्तरदाखल केलं होतं. ज्याचं आपल्याला ऐकू येत नाही त्याच्याशी कशाला बोलायचं, बोलायला घरात चार भिंती आहेत, असं ते म्हणत.

टापटीपरावांचं घर तिथून वीस मिनिटांवर, पण चौथ्या मजल्यावर आणि लिफ्टवाचून. बाबांच्या गुडघ्यांनी ते घर केव्हाच नामंजूर केलं होतं. राहता राहिली ताई. ती दूरच्या शहरात असते, तिच्याकडे एक खोली मोकळी आहे आणि तिच्या बोलण्यात मोकळं काहीच नसतं.

“छोट्या,” ती म्हणाली. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला जगात एकच व्यक्ती छोट्या म्हणू शकते. “बाबा एकटे राहतात, हे तुला पटतं?”

“मी दर रविवारी जातो ना, ताई.”

“माणूस काय फक्त रविवारी पडतो?”

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “मी कुठे येणार नाही. इथे माझी खिडकी आहे.” ताई म्हणाली, तिच्या घराला सात खिडक्या आहेत. बाबा म्हणाले, “त्या तुझ्या.” एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं आणि फाटकातून आत येणाऱ्या दूधवाल्याची मनातल्या मनात नोंद केली.

शेवटी तह झाला. टापटीपरावांनी एक पेटी करून द्यायची. पेटीवर एक बटण. बाबांनी ते दाबलं की टापटीपरावांचा फोन वाजायचा आणि टापटीपरावांनी हातातलं टाकून निघायचं. पेटी असेपर्यंत बाबा आपल्या घरात. “पण ऐक,” ताईने बजावलं, “एकदा जरी बाबांनी हाक मारली आणि कोणी आलं नाही, तर मी गाडी घेऊन येईन. मग मला खिडक्या सांगायच्या नाहीत.”

“अहो, असल्या पेट्या तयार मिळतात की बाजारात,” बायको म्हणाली.

“त्यांच्या आत काय लिहिलंय, कोणी लिहिलंय, आपल्याला काय माहीत? वडिलांचा प्रश्न आहे.” टापटीपराव असं म्हणाले आणि कामाला लागले.

पहिली पेटी बाबांच्या खाटेशेजारी ठेवली. ती अतिशय तत्पर होती. वाऱ्याने दार आपटलं तरी तिला बटण दाबल्याचा भास व्हायचा. एका गुरुवारी, मोठ्या गिऱ्हाइकापुढे टापटीपराव काट्याच्या अचूकतेवर बोलत असताना तिने अकरा वेळा हाक मारली आणि टापटीपराव तीन वेळा गाव ओलांडून आले. बाबा खिडकीशी बसलेले असायचे. “आलास? बैस,” ते म्हणायचे आणि पुढे काही म्हणायचे नाहीत. तिसऱ्या खेपेला त्यांनी चहाचं आधण आधीच ठेवलं होतं. गिऱ्हाईक मात्र गेलं.

दुसरी पेटी न्हाणीघराजवळच्या भिंतीवर दुहेरी चिकटपट्टीने लावली, कारण म्हातारी माणसं न्हाणीघराजवळ पडतात असं टापटीपरावांनी वाचलं होतं. वाफेने पट्टी सुटली आणि पेटीच बादलीत पडली.

एव्हाना इमारतीत वार्ता पसरली होती आणि जिन्यात सल्ल्यांचा बाजार भरला होता. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, गळ्यात शिट्टी अडकवा. समोरचे निवृत्त ड्रायव्हर म्हणाले, “आमच्या मेहुण्यांनी कुत्रा पाळला होता.”

“मग? उपयोग झाला?”

“मेहुणे पडले तेव्हा कुत्रा भुंकला नाही. पण शेजारी येऊन बसला. तेवढीच सोबत झाली मेहुण्यांना.”

तिसरी पेटी स्क्रूने पक्की करायची ठरली. किती उंचीवर, हा खरा प्रश्न. उभ्या माणसाला सोयीची उंची पडलेल्या माणसाच्या काय कामाची? हे शास्त्रशुद्ध काढायचं म्हणून टापटीपराव मोजपट्टी घेऊन न्हाणीघराबाहेरच्या फरशीवर उताणे पडले, एक पाय मोडल्यासारखा दुमडला आणि उजवा हात वर करून भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. त्याच वेळी इमारतीचे सेक्रेटरी उघड्या दारातून आत आले.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. मी पडलोय.”

“ते दिसतंय. ही भिंत जिन्याला लागून आहे. म्हणजे सोसायटीची आहे. भोक पाडायचं तर अर्ज लागेल.”

अर्ज तीन प्रतींत, सोबत भिंतीचा आराखडा, वरच्या आणि शेजारच्या बिऱ्हाडाची हरकत नसल्याची पत्रं. मग तो कमिटीपुढे जाणार. कमिटी महिन्यातून एकदा भरते आणि दर वेळी एक माणूस कमी पडतो. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त सगळं समजून घ्यायचं होतं. “आवाज किती होणार या पेटीचा? लोकांच्या तक्रारी येतील.”

“इथे आवाज होतच नाही. माझा फोन वाजतो, माझ्याकडे.”

“इथे आवाज होत नाही, तर वाजली हे बाबांना कसं कळणार?”

“दिवा लागतो. हिरवा.”

सेक्रेटरींनी मान हलवली आणि अर्जाच्या समासात ‘दिवा’ असं लिहून घेतलं. टापटीपरावांनी दोन महिने वाट पाहिली आणि मग एका रविवारी सेक्रेटरी गावाला गेल्याची खात्री करून चार भोकं पाडली. पहिली नोटीस मंगळवारी आली.

पण पेटी चालली. बायकोच्या फोनवरून ताईला गाठून तिच्या साक्षीने चाचणी घेतली. बाबांनी बटण दाबलं, हिरवा दिवा लागला आणि तीन सेकंदांत टापटीपरावांच्या खिशात फोन वाजला. पाच वेळा दाबलं, पाच वेळा वाजला. टापटीपराव बाबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “दिवा लागला म्हणजे निरोप गेला! लक्षात ठेवा!” बाबांनी मान डोलावली. आवक-जावक कारकुनाला एवढंच हवं असतं. कागद आपल्याकडून गेला, पुढचं पुढचे बघतील.

इथे थोडं पेटीच्या आतलं सांगणं भाग आहे. वाचकाने घाबरू नये, टापटीपरावांची बायको हे पाच वेळा ऐकूनही सुखरूप आहे. सी भाषेतला प्रोग्रॅम एकसंध नसतो. तो तुकड्यातुकड्यांनी लिहितात आणि शेवटी लिंकर नावाचा दुसरा एक प्रोग्रॅम ते तुकडे जोडतो. एका तुकड्यात नुसतंच म्हटलेलं असतं, ‘बटण दाबलं की निरोप पाठव’. निरोप पाठवायचा म्हणजे काय करायचं, हे दुसऱ्या तुकड्यात. दोघांची गाठ लिंकर घालून देतो. पेटीतली चिप ज्यांनी विकली, त्यांनी आपले काही तुकडे सोबत दिले होते आणि त्यांत ‘निरोप पाठव’ या नावाचं एक काम आधीच लिहून ठेवलं होतं. त्या कामात काहीही नव्हतं. बोलावलं की यायचं आणि आल्या पावली परत जायचं. गिऱ्हाइकाने स्वतःचं लिहीपर्यंत जोडणी अडू नये, म्हणून ही सोय. अशा कामावर ‘वीक’ असा शिक्का असतो, म्हणजे दुबळं. त्याच नावाचं खरं काम तुम्ही लिहून समोर उभं केलंत की लिंकर दुबळ्याला बाजूला सारतो आणि खऱ्याला त्याच्या जागी बसवतो. टापटीपरावांनी खरं काम लिहिलं होतं, समोर उभं केलं होतं, म्हणून फोन वाजत होता.

इथेच थांबायला हवं होतं. दुसरा कोणी थांबला असता. पण पुढच्या आठवड्यात टापटीपरावांनी आपलंच काम पुन्हा उघडून पाहिलं आणि त्यांना कसंसंच झालं. तो ‘निरोप पाठव’चा तुकडा एकटाच, सुटा, चपला काढून ठेवल्यासारखा बाहेर पडलेला होता. सातवा नियम स्वतःच्या बापाच्या पेटीत मोडावा? त्यांनी एक लायब्ररी केली. लायब्ररी म्हणजे असल्या तुकड्यांचं कपाट. त्यात तो तुकडा ठेवला, कपाटाला नाव दिलं आणि लिंकरला सांगितलं, लागेल ते या कपाटातून घे. एक अक्षर बदललं नाही, फक्त जागा बदलली. लिंकरने चूक दाखवली नाही, साधा इशाराही दिला नाही. रविवारी जाऊन नवा प्रोग्रॅम पेटीत भरला, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. फोन त्या दिवशी घरी चार्जिंगला राहिला होता. पण एका खिशातलं पेन दुसऱ्या खिशात ठेवल्यावर ते अजून लिहितं का, हे कोणी कागदावर ओढून बघतं का?

त्यानंतर तीन महिने अपार शांततेचे गेले. फोन एकदाही वाजला नाही.

“एकदाही नाही?” बायकोने विचारलं.

“बाबा ठणठणीत आहेत, त्याचा हा पुरावा.”

दर रविवारी टापटीपराव केळी घेऊन जायचे आणि ओरडून विचारायचे, “पेटी ठीक?” बाबा म्हणायचे, “ठीक. दिवा लागतो.” टापटीपराव समाधानाने इकडेतिकडे बघायचे. बल्ब गेलेला दिसला तर बदलायचे, नळ ठिबकत असला तर आवळायचे, सेक्रेटरींची दुसरी नोटीस आलेली असली तर घडी करून खिशात घालायचे. ताईला फोन करून सांगायचे, “बघ, गरजच पडत नाही.” ताई म्हणायची, “बघू.”

बाबा बुधवारी पडले.

सकाळी पावणेसातला, न्हाणीघरातून बाहेर येताना पाय घसरला. पडल्यावर त्यांनी उजवा हात वर केला. बटण हाताला लागलं. उंची अगदी बरोबर होती, त्यावर आजतागायत कोणी बोट ठेवू शकलेलं नाही. त्यांनी बटण दाबलं, हिरवा दिवा लागला आणि बाबा निश्चिंतपणे फरशीवर पडून राहिले.

साडेअकरा वाजता सेक्रेटरी तिसरी नोटीस घेऊन आले. ही नोटीस हातात द्यायची आणि पोच म्हणून सही घ्यायची, असा कमिटीचा ठराव होता. एक माणूस कमी असूनही तो झाला होता. त्यांनी तीनदा बेल वाजवली. मग खिडकीशी आले तर खुर्ची रिकामी. बाबांची खुर्ची सकाळी रिकामी म्हटल्यावर त्यांनी नोटीस बगलेत मारली, समोरच्या ड्रायव्हरांना हाक मारली आणि दोघांनी मिळून दाराची कडी खांद्याने उखडली. सेक्रेटरींनी बाबांना पाणी पाजलं, रुग्णवाहिका बोलावली, उशी आणून डोक्याखाली दिली आणि मग सही घेतली. याच क्रमाने घेतली, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवं.

खुब्याच्या हाडाला चीर गेली होती. इस्पितळात सहा खाटांच्या खोलीत बाबा पाय बांधून पडले होते. टापटीपराव धावत पोचले तेव्हा ते म्हणाले, “आलास? बैस.” घड्याळ बघून म्हणाले, “आज लवकर आलास.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई गाडी घेऊन आली. तिने टापटीपरावांकडे बघितलंही नाही. “पावणेपाच तास,” ती म्हणाली. “पावणेपाच तास माणूस फरशीवर.”

“पेटीत काहीतरी बिघाड झाला असणार, ताई...”

बाबांना बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण चेहरे दिसत होते. त्यांनी हात वर केला. “पेटीला बोल लावू नका. पेटी चालते. फक्त सावकाश चालते.” उशीखालून त्यांनी एक वही काढली. सेक्रेटरींनी चष्म्याबरोबर तीही आणून दिली होती. वही रेघा मारून तयार केलेली होती. जावक क्रमांक, तारीख, विषय, निकाल.

ताईने ती घेतली आणि वाचू लागली. जा. क्र. ३, चष्म्याचा स्क्रू पडला, निकाल: रविवारी. जा. क्र. ८, दिवाणखान्यातला बल्ब गेला, निकाल: रविवारी, न विचारता. नळ ठिबकतो, निकाल: दुसऱ्या रविवारी. “सोमवारी दाबलं तर रविवारी येतो,” बाबांनी मुलीला समजावलं. “नोकरीचा माणूस आहे. आमच्या कचेरीत सहा महिने लागायचे.”

“मग रविवारी त्याला सांगत का नव्हतात, बाबा?” ताई ओरडली. खोलीतल्या पाचही खाटा वळल्या.

“एकदा कागद गेल्यावर तोंडी विचारायचं नसतं. वाईट दिसतं.”

ताईने पान उलटलं. जा. क्र. १४, विषय: काही नाही. जा. क्र. १५, काही नाही. एकोणीस ते तेवीस, सगळे काही नाही, वार वेगवेगळे, वेळ बहुतेक दुपारची. निकालाच्या रकान्यात प्रत्येकापुढे व्यवस्थित अक्षरात ‘रविवारी’. शेवटचा, एकोणतिसावा, इस्पितळात पडल्या पडल्या लिहिलेला होता आणि अक्षर तिरकं गेलं होतं. पडलो. निकाल: बुधवारीच.

टापटीपराव उठले आणि भिंतीवरची पेटी काढून आणायला गेले.

ऑफिसात तपासणी विभागाच्या बाई आहेत. काट्यावर स्वतःच्या हाताने वजनं ठेवून, जगातला कोणताही प्रोग्रॅम चुकलेलाच असतो असं मानून त्या चालतात, आणि त्यांचा अंदाज क्वचितच चुकतो. टापटीपरावांनी त्यांच्यापुढे सगळं मांडलं. पहिल्या आठवड्यात चालत होती, मग नाही.

“मधे काय केलंत?”

“काही नाही. एक तुकडा लायब्ररीत हलवला.”

“हलवल्यावर परत तपासलंत?”

“बाई, फक्त हलवला. एक अक्षर बदललं नाही.”

“मी तेच विचारतेय.”

बाई म्हणाल्या, “नकाशा काढा.” जोडणी झाली की लिंकर एक यादी देतो, कोणतं नाव कोणत्या तुकड्यातून घेतलं त्याची. तिला नकाशा म्हणतात. बाईंनी त्यावर बोट फिरवलं आणि थांबवलं. ‘निरोप पाठव’ या नावापुढे चिप विकणाऱ्यांचा तुकडा होता. लांबी दोन बाइट. आल्या पावली परत जायला तेवढे पुरतात. टापटीपरावांचा सहाशे बारा बाइटांचा तुकडा यादीत कुठेच नव्हता.

“पण मी लिहिलेलं खरं आहे, बाई. खऱ्यापुढे दुबळ्याने हटायचं, असा नियम आहे.”

“समोरासमोर आले तर. तुम्ही खऱ्याला कपाटात ठेवलंत. लिंकर कपाट कधी उघडतो? एखादं नाव मागितलंय आणि ते अजून कुठेच सापडलेलं नाही, तेव्हा. इथे सापडलेलं होतं. दुबळं का असेना, जागेवर कोणीतरी होतं. तो कपाटाकडे बघेल कशाला?”

“आणि दिवा?”

“दिवा बटणाच्याच तुकड्यात आहे. निरोपाशी त्याचा काय संबंध?”

“निदान एखादा इशारा तरी...”

“कशाबद्दल?” बाई म्हणाल्या. “नियमाने सगळं बरोबर आहे.”

त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “वडील कसे आहेत?” पंचवीस वर्षांत त्यांनी टापटीपरावांना विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्यात चूक शोधलेली नव्हती. टापटीपरावांना तो सगळ्यात जास्त लागला.

दुरुस्ती चार मिनिटांची होती. तुकडा कपाटातून काढून पूर्वीसारखा सुटा ठेवायचा, इतकंच. फोन वाजला. दहादा दाबलं, दहादा वाजला. मग पेटी पिशवीत घालून टापटीपराव इस्पितळात आले. कबुली द्यायची होती, आणि बाबांना द्यायची कबुली ओरडून द्यावी लागते.

“बाबा! पेटी चालत नव्हती!”

“काय?”

“पेटी! चालत! नव्हती!”

“ते म्हणतायत, पेटी चालत नव्हती,” शेजारच्या खाटेवरच्या प्लास्टरवाल्याने मदत केली.

“सावकाश चालत होती,” बाबा म्हणाले.

“नाही! मी चुकलो! तुमचा एकही निरोप मला मिळाला नाही!” समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने पंखा बंद करवला, नीट ऐकू यावं म्हणून. टापटीपरावांनी मग दुबळं काम, खरं काम, कपाट, सगळं ओरडून सांगितलं. नर्स दारात येऊन उभी राहिली. कोणाला काही कळलं नाही. बाबा मात्र डोळे मिटून ऐकत होते आणि शेवटी म्हणाले, “म्हणजे खुर्चीवर हंगामी माणूस होता.”

“हो!”

“आमच्याकडे नकाशे विभागाला होता तसा. हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही. खऱ्या माणसाच्या नेमणुकीचा हुकूम कपाटात पडून. खुर्ची रिकामी दिसली असती तर साहेबांनी कपाट उघडलं असतं. भरलेली दिसत होती.”

“मग काय झालं त्या खऱ्या माणसाचं?” प्लास्टरवाल्याने विचारलं. बाबांना ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी आपणहून सांगितलं, “नऊ वर्षांनी निवृत्त झाला. कपाटातल्या कपाटात.”

खोली हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी वही मागितली, पेन मागितलं आणि पहिल्या पानापासून निकालाच्या रकान्यातले ‘रविवारी’ एकेक करून खोडू लागले. आठव्या क्रमांकावर हात थांबला.

“बल्बचं?”

“नाही मिळाला तोही!”

“मग तू बदललास कसा?”

“गेलेला दिसला म्हणून बदलला!”

“आणि दर रविवारी?”

“तसाच यायचो, बाबा! असाच!”

बाबांनी पेनाला टोपण लावलं. “म्हणजे बोलावल्याशिवाय येत होतास,” ते म्हणाले आणि उरलेले एकवीस त्यांनी खोडले नाहीत.

ताई खिडकीशी उभी होती. टापटीपराव तिच्याजवळ जाऊन म्हणाले, “आता चालते, ताई. दहादा तपासली. अजून एक संधी दे.”

“छोट्या,” ती म्हणाली, पण या वेळी चढ्या आवाजात नाही. “मला तुझ्यावर राग नाही. पण मी त्यांना ठेवू शकत नाही इथे. तूच सांग, ठेवू?”

सहा आठवडे खाटेवर, मग काठी, मग कोणीतरी सतत जवळ. ताईच्या घरी जवळ माणूस होतं. बाबांना हे वहीत लिहून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, खाली ‘पाहिले’ असं लिहून सही केली आणि तारीख घातली. खिडकीचा विषय त्यांनी काढला नाही.

निघायच्या दिवशी गाडीत मागच्या सीटवर त्यांना आडवं निजवलं. सामान एका बॅगेत मावलं. सेक्रेटरी फाटकापर्यंत आले आणि त्यांनी टापटीपरावांना हळूच सांगितलं की भोकांची नोटीस कमिटीने मागे घेतली आहे. बाबांनी काच खाली करायला सांगितली.

“ती पेटी आता चालते म्हणालास?”

“चालते!”

“तिकडून चालेल?”

“कुठूनही चालते, बाबा!”

“मग दे.”

टापटीपरावांनी पेटी त्यांच्या हातात दिली. गाडी वळली.

आठवड्याभराने, सकाळी पावणेअकराला, ऑफिसात टापटीपरावांच्या खिशात फोन वाजला. ते खुर्चीवरून उठले, जिन्याने दोन मजले धावत उतरले, फाटकाबाहेर आले आणि मग त्यांना काय ते आठवलं. त्यांनी ताईला फोन लावला.

“काही झालं नाही रे,” ती म्हणाली. “दाबून बसलेत. येतोस का विचारतायत.”

“तू काय सांगितलंस?”

“मी काय सांगू?”

आता तो रोज वाजतो, बहुतेक दुपारी. बटण दाबल्यापासून फोन वाजेपर्यंत तीन सेकंद लागतात, एकदाही चुकलेलं नाही. ताईच्या घरापासून टापटीपरावांच्या घरापर्यंत अंतर सहाशे चाळीस किलोमीटर आहे.